घरच्या धणे, मेथी, सब्जाचं बी कसं धरावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भातकापणी आटोपली की आणि पुन्हा शिमग्याच्या सुमारास, वर्षातून दोनदा तेच ते प्रश्न येतात. म्हणून ते एकदाच इथे मांडले आहेत. घाटावरची माहिती गोव्यात जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे बी पिकवण्याची चिंता असते. आपल्याकडे बी पिकतं, पण पावसाळा पार करत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकलेलं बी मिरगाआधी खडखडीत सुकून बाटलीत बंद व्हायला हवं. खालची निम्मी उत्तरं या ना त्या वाटेने तिथेच येतात.

१. कशाकशाचं बी घरी धरता येतं?

नवख्यांनी मेथी, धणे, सब्जा आणि मोहरीपासून सुरुवात करावी. ही चारही कुंडीत जमतात. शेपू थोडा नाजूक, पण होतो. त्याचं बी म्हणजेच बाळंतशेप. बडीशेप आणि ओवा गोव्यात लागतात, पण दाणा भरताना दमट हवा मिळाली तर काळे पडतात. जिऱ्याच्या नादी लागू नका. त्याला गुजरात-राजस्थानची कोरडी थंडी लागते, इथे ते करप्याने जातं. पुदिना, गवती चहा, हळद, आलं यांना बी धरण्याचा प्रश्नच नाही. फांदी, ठोंब नाहीतर कंद लावायचा. कढीपत्ता आणि तिरफळाची गोष्ट वेगळी आहे, प्रश्न १४ आणि १५ पाहा.

२. बी मिळवायचं असेल तर पेरणी कधी करावी?

वायंगणी भाजी लावतात तेव्हाच, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. कोथिंबीर दीड महिन्यात खुडायला येते, पण धणे हातात पडायला साडेतीन-चार महिने जातात. म्हणजे फेब्रुवारी अखेर किंवा मार्च. मेथीचंही तसंच. जानेवारीत पेरलं तर उन्हाच्या तडाख्याने झाड वीतभर उंचीचं असतानाच फुलावर येतं. बी येतं, पण बारीक आणि थोडं. जून ते सप्टेंबरमध्ये पेरलेली कोथिंबीर रोपातच कुजते. वाचली तरी तिच्याकडून पानांपलीकडे काही मागू नये.

३. पानं खुडत राहिलो तर त्याच झाडाला बी येईल ना?

येईल, पण हलकं. पहिली एक-दोन खुडणी चालते, पुढे झाडाला हात लावू नका. सोपा मार्ग म्हणजे वाफ्याचा एक कोपरा बियाला राखून ठेवायचा, आणि घरात सगळ्यांना तसं बजावायचं. संध्याकाळच्या आमटीसाठी कोण जाऊन काय खुडेल याचा नेम नसतो.

कुठली झाडं राखायची, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. बहुतेक घरी काय होतं? जी कोथिंबीर सगळ्यांत आधी फुलते ती भाजीला निरुपयोगी झाली म्हणून सोडून देतात, आणि तिचंच बी धरतात. असं तीन-चार वर्षं केलं की तुमच्याकडे लवकर फुलणारी, पानं कमी देणारी कोथिंबीर तयार होते. मग ‘घरच्या बियात दम नाही’ म्हणून पुन्हा पाकीट आणलं जातं. पानं हवी असतील तर उलट करा: आधी फुलणारी उपटून खा, सगळ्यांत उशिरा फुलणाऱ्या झाडांना दोरा बांधून ठेवा. फक्त धण्यांसाठीच लावत असाल तर मात्र लवकर फुलणारं झाड गुणाचं.

एकाच झाडाचं बी धरू नये. कोथिंबिरीत माश्या-मधमाश्यांमुळे परागकणांची देवाणघेवाण चालते. दहा-पंधरा झाडांचं बी एकत्र केलं की वाण टिकाऊ राहतो. मेथी बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते, तिची चार-पाच चांगली झाडंही पुरतात.

४. डब्यातले किंवा वाण्याकडचे धणे पेरले तर उगवतात का?

उगवतात, पण भरवसा नाही. माल किती जुना आहे आणि वाटेत किती तापलाय हे आपल्याला कळत नाही. आधी प्रश्न १७ मधली चाचणी करा. धण्याचा एक दाणा म्हणजे जोडलेल्या दोन बिया असतात. पाटावर पसरून लाटण्याने हलकेच दाबले की दोन पाकळ्या सुट्या होतात. भुगा होऊ देऊ नका. रात्रभर भिजवून पेरले तर आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसतो. उलट दिशेने, म्हणजे पेरणीच्या पाकिटातले धणे स्वयंपाकात, कधीही वापरू नका. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

५. बी तयार झालं हे कसं ओळखायचं?

धण्याचा तुरा जवळून पाहा. मधला तुरा आधी पिकतो, बाजूचे नंतर. दाणा आधी हिरवा, गुळगुळीत आणि उग्र वासाचा असतो. मग पिवळसर होतो, अंगावर उभ्या रेघा उठून दिसू लागतात, आणि तो उग्रपणा जाऊन ओळखीचा धण्याचा वास येतो. तुऱ्यातले दोन तृतीयांश दाणे तपकिरी झाले की कापा. सगळे सुकायची वाट पाहिलीत तर निम्मे मातीत जातील. (हिरव्या धण्यांची मूठभर चटणी खोबऱ्याबरोबर वाटून एकदा खाऊन पाहाच. बाजारात हे मिळत नाही.)

मेथीची शेंग बारीक, चोचीसारखी. झाड पिवळं पडून शेंग फिकट तपकिरी झाली की झाड मुळासकट उपटायचं. मोहरीत घाई करावी लागते. शेंगा पिवळ्या झाल्या की सकाळी, दंव असताना कापा. दुपारच्या उन्हात शेंगा फुटून दाणे उडतात. शेपू आणि बडीशेपीचा दाणा हिरव्यावरून करडा-तपकिरी होतो. सब्जाची मंजिरी खालून वर सुकत जाते. खालच्या बोंड्या तपकिरी झाल्या की एक तळहातावर चोळा. काळे, टणक दाणे पडले तर तयार, पांढुरके पडले तर अजून आठवडाभर थांबा.

६. झोडणी आणि सफाई कशी करू?

कापलेल्या जुड्या कागदी पिशवीत उलट्या घालून, देठाशी बांधून वाऱ्यावर टांगा. गळणारे दाणे पिशवीतच राहतात. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम येतो. आठवड्याभराने जुड्या हातांनी चोळून सुपात पाखडा. मेथीच्या शेंगा कापडात गुंडाळून पायाखाली हलक्या मळल्या की सुटतात.

सब्जाला पाणी लावायचं नाही. पाण्याचा थेंब लागला की दाण्याभोवती बुळबुळीत वेष्टण फुगतं आणि तो पुन्हा नीट सुकत नाही. ‘पाण्यात टाका, तरंगेल ते पोचट’ ही युक्ती सब्जाला लागू नाही. बारीक चाळणी आणि हलकी फुंकर, एवढंच.

७. उन्हात सुकवू की सावलीत? आणि किती दिवस?

पेरायचं बी सावलीत, वाऱ्यावर. मार्च-एप्रिलमध्ये गच्चीचा स्लॅब किंवा पत्रा इतका तापतो की पत्र्यावरच्या ताटातलं बी भाजून निघतं, आणि चाळीस अंशांच्या वर गेलं की कोंब मरायला सुरुवात होते. बल्कांवात किंवा पडवीत सुपात पातळ पसरा, दिवसातून दोनदा हलवा. स्वयंपाकाच्या दाण्यांना सकाळचं कोवळं ऊन चालतं, पण कडक उन्हात त्यांचंही सुगंधी तेल उडतं.

संध्याकाळी सूप आत घेऊन झाका. बी हवेतला ओलावा देतं तसंच घेतंही. दिवसभर जे सुकलं ते रात्रीच्या दमट हवेत पुन्हा ओलावतं. किनाऱ्याजवळच्या घरांत दुपारचा खारा वारासुद्धा हेच करतो. पेडण्याच्या किनारपट्टीपेक्षा सत्तरीकडच्या गावांत बी लवकर सुकतं, ते त्यामुळेच.

आठ-दहा दिवसांनी परीक्षा घ्या. धणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, दबला तर ओला आहे. मेथीचा दाणा हातोडीने ठेचला तर तुकडे उडावेत, चपटा होऊ नये. मात्र नुसत्या हवेवर सुकवलेल्या बियातला ओलावा आपल्याकडे दहा-बारा टक्क्यांच्या खाली सहसा जात नाही. एक हंगाम काढायला हे कसंबसं पुरतं. त्यापुढे जायचं असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

८. दर पावसाळ्यात बी बुरसतं. काय चुकतं?

बहुधा डबा. बी ठेवण्याच्या शास्त्रात एक जुना ठोकताळा आहे: बियातला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी दुप्पट होतं. ओलावा पाच ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान असेल तोवर हे लागू पडतं. गोव्यात तापमान आपल्या हातात नाही, ओलावा आहे.

पूर्वी बियांची पुरचुंडी चुलीच्या वर टांगायचे. खालची धग बी सुकं ठेवायची आणि धुरामुळे किडे फिरकायचे नाहीत. अळसांद्यांचं (गोव्यातल्या चवळीचं) बी राखेत घोळवून ठेवायची पद्धतही त्याच शहाणपणाची. आता चूल गेली, गॅस आला, आणि पुरचुंडी तेवढी स्वयंपाकघराच्या खिळ्यावर राहिली. भाताच्या वाफेत ती जुलैपर्यंत बुरसणारच. जुनी रीत अर्धीच पाळण्यापेक्षा सरळ काचेची बाटली घ्या.

करायचं ते असं. बी आणि तेवढ्याच वजनाची सिलिका जेल एका घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. जेल कापडाच्या पिशवीत, बी कागदाच्या पाकिटात. आठवड्याने बी काढून दुसऱ्या कोरड्या बाटलीत, शक्यतो काठोकाठ भरून, बंद करा. बुटांच्या खोक्यातल्या जुन्या पुड्या तशाच वापरू नका, त्यांनी आधीच ओलावा पिऊन ठेवलेला असतो. सुटी जेल ओव्हनमध्ये एकशेवीस अंशांवर दोनेक तास तापवली की पुन्हा कामाची होते. निळी जेल खाण्याच्या दाण्यांजवळ ठेवू नये, तिच्यात कोबाल्टचं संयुग असतं. पांढरी किंवा नारिंगी घ्या.

जेल नसेल तर तांदूळ. जाड तव्यावर मंद आचेवर चांगले तापवून, गरम असतानाच कोरड्या बाटलीत भरून झाकण लावा. पूर्ण गार झाल्यावर त्यावर बियाचं पाकीट ठेवा. तांदूळ बियाच्या दुप्पट तरी हवेत, आणि पंधरा दिवसांनी एकदा नव्याने तापवलेले घालावेत.

हे सगळं मे महिन्यात, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चालते तेव्हाच उरकावं. सुक्या मिरच्या आणि सोलं भरायला बसतो त्याच दुपारी बियांच्या बाटल्याही होऊन जातात. एकदा पाऊस लागला की बाटली उघडायची नाही, ‘जरा बघते’ म्हणूनसुद्धा नाही. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर विसंबू नका. त्यांतून ओलावा हळूहळू आत शिरतोच.

९. फ्रिजमध्ये ठेवलं तर?

उत्तम, पण आधी बी प्रश्न ८ प्रमाणे सुकलेलं आणि बाटली हवाबंद हवी. फ्रिजमधली हवा थंड असली तरी दमट असते. बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, चार-पाच तास तरी. नाहीतर गार बियांवर दव धरतं आणि एका मिनिटात सगळी मेहनत वाया जाते. दरवाज्यातल्या कप्प्यापेक्षा आतला कोपरा बरा.

१०. पेरायचं आणि खायचं बी एकच का? वेगळं ठेवू का?

झाडावरून उतरताना एकच असतं. त्यानंतर वाटा फुटतात. सगळ्यांत भरीव दाणे आधी पेरणीसाठी बाजूला काढा, उरलेले स्वयंपाकाला. आपण उलट करतो, चांगले धणे शाकुतीत (वाटलेल्या मसाल्याच्या गोव्याच्या रश्शात) जातात आणि तळाचा चुरा पेरणीला राहतो. भाजलेला दाणा उगवत नाही, त्यामुळे पावसाळ्यासाठी धणे भाजून ठेवणार असाल तर पेरणीचे आधी वेगळे करा.

दुकानातून आणलेलं पेरणीचं बी गुलाबी, निळं किंवा हिरवट रंगाचं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते धुऊनसुद्धा खायचं नाही, कोंबड्यांनाही घालायचं नाही. त्या बियापासून वाढलेल्या झाडाचं पुढचं बी मात्र खायला हरकत नाही. फुलोऱ्यानंतर झाडावर रासायनिक फवारणी केली असेल तर त्या वर्षीचं बी फक्त पेरायला ठेवा.

११. बंद बाटलीतही धण्यांना भोकं पडली. किडे आले कुठून?

बियांबरोबरच. अंडी किंवा अळी आधीपासून असते, आपल्याला दिसत नाही. साठवलेल्या मसाल्यांत बारीक तपकिरी भुंगेरे होतात, धण्यांवर तर त्यांचा फारच जीव. बी पूर्ण सुकलं की हवाबंद बाटली चार-पाच दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, अंड्यांसकट मरतात. ओलं बी मात्र फ्रीझरमध्ये मरतं. बाटली उघडताना प्रश्न ९ मधली काळजी घ्या. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत सुकलेला. ओलसर पाला बुरशीला आमंत्रण देतो.

१२. आमच्या कुंडीतल्या ओव्याला इतकी पानं आहेत, पण ओवा कधीच येत नाही. का?

कारण ते ओव्याचं झाड नाही. जाड, लुसलुशीत, लव असलेली पानं, ज्यांची भजी करतात आणि पोराला खोकला झाला की रस देतात, तो पानओवा. तो तुळस-पुदिन्याच्या कुळातला. डब्यातला ओवा येतो तो कोथिंबीर-शेपूच्या भाऊबंदांपैकी एका झाडाचा. त्याची पानं शेपूसारखी बारीक चिरलेली आणि फुलं पांढऱ्या छत्रीसारखी. वास दोघांचा सारखा, कारण दोन्हींत थायमॉल असतं. पानओव्याची फांदी खोचा, लागते. खायचा ओवा हवा तर दाणे पेरा, प्रश्न २ च्या वेळापत्रकाने.

१३. शेपू आणि बडीशेप शेजारी लावली तर बी बिघडतं म्हणतात. खरं का?

पुष्कळ ठिकाणी असं सांगतात, पण ती दोन वेगळ्या प्रजातींची झाडं आहेत आणि परसात त्यांचा संकर होईल याची भीती बाळगू नये. खरा घोळ एकाच जातीच्या दोन वाणांत होतो. सब्जा आणि पास्त्यात घालतात ती इटालियन तुळस ही एकाच जातीची भावंडं. मधमाश्यांना त्यांच्यात भेद नाही. दोन्ही एकाच बागेत फुलली तर पुढच्या वर्षी मधल्याच वासाची रोपं उगवतील. ज्याचं बी हवंय त्याच्या मंजिरीवर फुलं उमलण्याआधी मलमलीची पिशवी बांधा, किंवा दुसऱ्याच्या मंजिऱ्या खुडत राहा. वृंदावनातल्या तुळशीची चिंता नको, ती वेगळ्या जातीची. तिचं बीही सुकलेल्या मंजिऱ्यांतून असंच काढतात. फक्त पेरताना मातीवर नुसतं भुरभुरा, खोल पुरू नका.

१४. कढीपत्त्याच्या बिया जपून ठेवल्या होत्या, एकही उगवली नाही.

जपल्या म्हणूनच. आतापर्यंत सुकवा-सुकवा सांगितलं ते सगळं इथे उलटं. कढीपत्त्याचं बी सुकलं की मरतं. पावसाळ्यात फळं काळी-जांभळी झाली की बुलबुलांच्या आधी गाठा, गर धुऊन काढा आणि त्याच आठवड्यात पेरा. बी खायचं नसतं. घाई असेल तर मोठ्या झाडाच्या मुळातून फुटलेलं पिल्लू मुळासकट काढून लावा.

१५. बांगड्याच्या हुमणात तिरफळ घालतो, त्याचं काळं बी पेरू का?

पेरा, पण वाट पाहण्याची तयारी ठेवा. सुक्या तिरफळाची चव सगळी सालीत असते. चकचकीत काळं बी आपण टाकूनच देतो. ते इतकं कठीण असतं की उगवायला महिनोन्‌महिने लागतात, आणि पुष्कळशा उगवतच नाहीत. डब्यातलं जुनं बी तर सोडूनच द्या. खरं सांगायचं तर रोपवाटिकेतून रोप आणा. झाड काटेरी आणि उंच होतं, त्यामुळे वाटेच्या कडेला नको.

१६. मिरचीचंही असंच करायचं का?

सुकवण-साठवण तीच, पण मिसळण्याचा धोका जास्त. काणकोणची खोला आणि पेडण्याची हरमल, दोन्ही मिरच्यांना भौगोलिक मानांकन आहे. त्यांच्याशेजारी दुसरी तिखट मिरची फुलली तर बी शुद्ध राहत नाही. झाडावरच लाल झालेल्या मिरचीचं बी धरा, आणि हातमोजे घाला.

१७. जुनं बी अजून जिवंत आहे का, कसं कळणार?

वीस दाणे ओल्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा, कापड ओलसर राहू द्या. मेथी तीन दिवसांत, सब्जा आठवड्यात, धणे आणि शेपू दोन आठवड्यांत उत्तर देतात. पंधरा उगवले तर झकास. आठ-दहा उगवले तर दुप्पट पेरा. पाचाच्या खाली असेल आणि भाजलेलं किंवा औषध चोळलेलं नसेल, शिवाय बुरशीचा वास नसेल, तर ते फोडणीला वापरा. नीट साठवलेली मेथी, मोहरी आणि सब्जा तीन-चार वर्षं टिकतात, धणे दोन-तीन. शेपू-बडीशेप दोन वर्षांत संपवावी.

१८. पाकिटावर ‘हायब्रिड’ लिहिलंय. त्याचं बी धरू का?

धरलं तर उगवेल, पण आईसारखं निघेलच असं नाही. मिरचीत हा फरक जास्त जाणवतो. मेथी आणि शेपू सहसा सरळ वाणाचे असतात. कोथिंबिरीचं पाकीट मात्र वाचूनच घ्या.

१९. शाकुतीला खसखस लागते. तीही परसात लावू का?

नाही. खसखस देणारं झाड म्हणजे अफूचंच झाड, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय एक रोप लावणंही गुन्हा आहे. परवाने केंद्र सरकार देतं, तेही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत. खसखस वाण्याकडूनच आणा.

२०. जास्तीचं बी शेजाऱ्यांना दिलं किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकलं तर चालतं का?

देवाणघेवाणीला काहीच आडकाठी नाही. वाणसंरक्षणाच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचं बी नाव-छाप घालून, पाकीटबंद करून विकता येत नाही. धणे-मेथी मसाला म्हणून विकायची तर अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी लागते. देताना पुडीवर पिकाचं नाव, कापणीचा महिना आणि ‘उशिरा फुलणारी’ वगैरे गुण पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई दमटपणात फुटते.